‘सिस्टीमने नाव काढले’ हे शासनाचे उत्तर असू शकत नाही!

“वकीलसाहेब, माझ्या नावावर जमीन हाय म्हणं. कुठं हाय ती तरी दाखवा, कसून खाते!”

काही महिन्यांपूर्वी कोर्टाच्या आवारातील माझ्या टेबलासमोर उभी राहून एका विधवा भगिनीने हा प्रश्न विचारला. तिची निराधार योजनेची महिना दीड हजाराची मदत अकरा महिन्यांपासून बंद झाली होती. तालुक्याच्या कार्यालयात ती सात वेळा जाऊन आली. दर वेळी खिडकीतून एकच उत्तर मिळाले, “मावशी, सिस्टीमनं नाव काढलंय, माझ्या हातात काय नाय.” आठव्या वेळी कोणीतरी दया येऊन संगणकात पाहिले आणि सांगितले की, तुमच्या नावावर सहा एकर जमीन दिसते. जिच्या सासऱ्याने आणि नवऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर मजुरी केली, जिला स्वतःचे घरही गावठाणाच्या कडेला अतिक्रमणात म्हणून दाखवले जाते, तिला शासनाच्या यंत्राने एका रात्रीत बागायतदारीण करून टाकले!

आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मदत बंद केल्याचा आदेश कोणी काढला, कोणत्या तारखेला काढला, त्यावर सही कोणाची आणि बाईला नोटीस दिली होती का, एवढीच माहिती मागितली. उत्तर आले की, स्वतंत्र आदेश काढलेला नाही, “प्रणालीमध्ये जमीनधारक दिसून आल्याने” लाभ थांबला आहे. आदेश नाही, तारीख नाही, सही नाही आणि नोटीसही नाही. पुढे अपील झाले, सुनावणी झाली, तेव्हा कळले की, शेजारच्या गावातील त्याच नावाच्या दुसऱ्या बाईचा सातबारा हिच्या नावाला चिकटला होता. नाव पुन्हा यादीत आले. अकरा महिन्यांची थकबाकी मात्र अजून आलेली नाही.

त्या कार्यालयातील प्रणाली ही आजकाल ज्याचा गाजावाजा चालू आहे ती कृत्रिम बुद्धिमत्ता होती की नावाला नाव जुळवणारा साधा संगणकी हिशेब होता, हे मला कोणी सांगितले नाही. त्या बाईच्या दृष्टीने त्याने काही फरकही पडत नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे आणि तोच या लेखाचा विषय आहे. शासनाने निर्णय यंत्राकडे सोपवला, तर त्या निर्णयाचा जाब कोणाला विचारायचा?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभागृहापुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक इशारा दिला होता. संविधानातील एकही अक्षर न बदलता केवळ राज्यकारभाराची पद्धत बदलून संविधान निकामी करता येते, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. म्हणूनच कारभाराचे तपशीलसुद्धा संविधानात घातले आहेत, असे त्यांनी टीकाकारांना सांगितले. आज आपले लक्ष संविधान बदलण्याच्या गर्जनांकडे असते आणि ते असलेच पाहिजे. परंतु कारभाराची पद्धत आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे, तिकडे आपल्या चळवळीचे किती लक्ष आहे? तलाठी, ग्रामसेवक, तहसीलदार, ठाणेदार यांच्या टेबलावरचा निर्णय हळूहळू संगणकाच्या पडद्यामागे सरकतो आहे. कलम १४ जागेवर आहे, कलम २१ जागेवर आहे. ती ज्याच्याविरुद्ध वापरायची तो अधिकारीच जागेवरून नाहीसा होतो आहे!

हे काल्पनिक भय नव्हे. आपल्या शेजारच्या तेलंगणा राज्याचे उदाहरण घ्या. तेथील शासनाने ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली उभी केली. वाहन नोंदणी, मालमत्ता, वीजजोडणी, पेन्शन अशा अनेक खात्यांची माहिती एकत्र करायची, नावे आणि पत्ते एकमेकांशी जुळवायचे आणि कोण खरा गरीब व कोण खोटा, हे यंत्राने सांगायचे, अशी ही योजना. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. कित्येकांना कळले ते रेशन दुकानात अंगठा लावल्यानंतरच. हैदराबादमधील एक रिक्षा ओढणारे कुटुंब यंत्राच्या हिशेबी मोटारमालक ठरले, कारण नवऱ्याच्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाचा दुसरा एक माणूस खरोखर मोटारीचा मालक होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सुमारे १९ लाख रद्द शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी पुन्हा करण्याचे आदेश दिले. पुढे ज्या दोन लाखांच्या आसपास अर्जांची छाननी झाल्याची आकडेवारी बाहेर आली, त्यांत पंधरा हजारांहून अधिक कुटुंबे पात्र निघाली. म्हणजे शंभरातील सात-आठ कुटुंबांच्या ताटातला घास यंत्राने चुकीने काढला होता.

यावर सरकारी तज्ज्ञ म्हणतील, शंभरात ब्याण्णव तर बरोबर निघाले ना! वाचकहो, या हिशेबातच खरी मेख आहे. समजा एखादी प्रणाली शंभरात पंच्याण्णव वेळा अचूक आहे. कंपनी तिची जाहिरात करील, मंत्री पाठ थोपटून घेतील. पण तीच प्रणाली पन्नास लाख कुटुंबांवर चालवली, तर पाच टक्के म्हणजे अडीच लाख कुटुंबे चुकली. एखादा तहसीलदार चुकला तर एका तालुक्याचे नुकसान होते. यंत्र चुकले तर ती चूक एकाच दिवशी सर्व राज्यात होते आणि सर्वत्र सारखीच होते. शिवाय फासे कोणाच्या बाजूने टाकायचे, हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. अपात्र माणूस यादीत राहू नये, याची काळजी जास्त घ्यायची की पात्र माणूस उपाशी राहू नये, याची जास्त घ्यायची? हा गणिताचा प्रश्न नसून नीतीचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे. तो विधिमंडळात चर्चेला न येता कंत्राटदाराच्या कार्यालयात सुटतो, हेच आक्षेपार्ह आहे.

हरियाणात २०२२ मध्ये १०२ वर्षांच्या एका वृद्धाला सरकारी नोंदीत मृत ठरवून त्यांचे पेन्शन बंद करण्यात आले, तेव्हा आपण जिवंत असल्याचे सिद्ध करण्यासाठी त्यांनी नवरदेवासारखी वरात काढली. देशभर लोक हसले. ज्याचे पेन्शन बंद पडते त्याला हसू येत नाही. आणि वरात काढायला बँडबाजा लागतो, पत्रकार लागतात, सोबत चार माणसे लागतात. आमच्या पालावरच्या, वस्तीवरच्या माणसाने वरात कशाच्या जोरावर काढायची?

महाराष्ट्रही या वाटेवर आहे. २०२५ च्या जुलैमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत निरनिराळ्या विभागांची माहिती जुळवून पाहिल्यानंतर सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे शासनाने जाहीर केले, आणि जून महिन्यापासूनच त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित करण्यात आला. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी करून पात्र निघतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू करू, असे सांगण्यात आले. त्या यादीत पुरुषही होते आणि एकाच घरातील दोनपेक्षा जास्त महिलाही होत्या, हे शासनाचे म्हणणे आहे. खऱ्या अपात्रांना वगळण्याला कोणाचाच विरोध असू नये. जनतेचा पैसा जनतेचाच आहे. परंतु क्रम पहा. आधी लाभ बंद, मग पडताळणी! नैसर्गिक न्यायाचे तत्त्व नेमके उलटे सांगते. आधी नोटीस, मग सुनावणी, मग कारणांसह आदेश आणि त्यानंतर लाभ बंद. आधी शिक्षा आणि मग चौकशी ही पद्धत आपल्याला चांगली ओळखीची आहे. गावकीने ती शतकानुशतके आपल्यावर वापरली. ती यंत्रामार्फत परत येणार असेल, तर तिला आधुनिकता म्हणायचे काय?

आता कोणी म्हणेल, यंत्राला जात नसते. तलाठ्याला जात असते, ठाणेदाराला जात असते. मग यंत्र आले तर दलितांना आनंदच व्हायला हवा. हा युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही. माणसाच्या मर्जीचा जाच आपल्या लोकांनी जेवढा सोसला, तेवढा कोणी सोसला नसेल. दाखल्यासाठी दहा हेलपाटे, दलालाची टक्केवारी, अर्ज फेकून देणारा कारकून हे सर्व आपण भोगले आहे. खात्यात थेट पैसे आल्याने मधले काही हात कमी झाले, हेही खरे आहे. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. गांधीवादावर टीका करताना त्यांनी स्पष्ट मांडले की, यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सामान्य माणसाचे जीवन सुसंस्कृत होऊ शकत नाही. तेव्हा आमचा विरोध यंत्राला नाही. परंतु यंत्राला जात नसते, हे विधान मात्र तपासून घेतले पाहिजे.

यंत्र शिकते कशावरून? जुन्या नोंदींवरून. आणि या देशातील जुन्या नोंदी कोणी लिहिल्या? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. जन्माला आलेले मूल त्या कायद्याने संशयित ठरत असे. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलीस ठाण्यातील वही रद्द झाली काय? गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली धाड आजही पडते. धाड पडली की नोंद होते, नोंद झाली की ती ‘माहिती’ होते, आणि उद्या हीच माहिती यंत्राला शिकवली की यंत्र सांगणार, गुन्हा होण्याची शक्यता या पालावर अधिक आहे! मग तेथे गस्त वाढणार, गस्त वाढली की नोंदी वाढणार, आणि नोंदी वाढल्या की यंत्राचे भाकीत खरे ठरल्याचे ढोल वाजणार. हे चक्र यंत्राने निर्माण केलेले नाही, परंतु यंत्र त्याला शास्त्राचा शिक्का देते. पूर्वी धर्मशास्त्राचा शिक्का होता, आता संगणकशास्त्राचा!

हे केवळ माझे म्हणणे नव्हे. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अमानतुल्ला खान प्रकरणात, मागासवर्गीय, अनुसूचित जाती-जमातींच्या निरपराध लोकांची नावे केवळ पूर्वग्रहातून पोलिसांच्या ‘हिस्ट्रीशीट’मध्ये येत असल्याच्या प्रकाराची गंभीर दखल घेतली आणि राज्यांना आपापले नियम तपासण्यास सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात त्याच न्यायालयाने तुरुंगातील जातीवर आधारित कामवाटपाचे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. स्वातंत्र्याच्या ७७ वर्षांनंतर सर्वोच्च न्यायालयाला हे सांगावे लागते, याचा अर्थ सरकारी नोंदी शुद्ध नाहीत. आणि याच २०२४ साली महाराष्ट्र शासनाने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याकरिता नागपुरात ‘मार्वेल’ नावाची कंपनी स्थापन केली. तपासाला गती मिळावी, आर्थिक फसवणुकीतले लुटारू सापडावेत, याला आपला पाठिंबाच आहे. प्रश्न एवढाच आहे की, या यंत्राला कोणत्या वह्या वाचायला दिल्या? त्या वह्यांतील जातीय मळ काढला काय? काढला असेल तर कोणी तपासला? याची उत्तरे जनतेपुढे मांडली गेली पाहिजेत.

नावांचेच घ्या. आपल्या कोणत्याही वस्तीत जा; भीमराव, गौतम, मिलिंद, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा ही नावे घरोघरी सापडतील. आडनावे कांबळे, गायकवाड, मेश्राम, वानखेडे, साळवे. एका वॉर्डात तीन गौतम भीमराव कांबळे असणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. ती आपल्या सांस्कृतिक क्रांतीची खूण आहे. पण नावाला नाव जुळवणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हे तिघे एकच माणूस ठरू शकतात. त्यातला एक सरकारी नोकरीत असला की उरलेले दोघे बिगारी कामगारही नोकरदार!

उलट बाजूने, एकच माणूस दोन होण्याचा धोकाही आपल्यालाच अधिक आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाने नावे बदलली, आडनावे बदलली, देवादिकांची नावे टाकली. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’, मुलाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, तोपर्यंत केंद्राच्या आणि राज्याच्या कागदांत आपली ओळख वेगवेगळी होती. जात पडताळणी समितीपुढे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवताना मुलांच्या आईवडिलांची काय दमछाक होते, हे माझ्यासारखा वकील रोज पाहतो. मराठवाड्यातल्या नोंदी उर्दूत, जुन्या मोडीत. आधार कार्डावर ‘सोनवणे’चे ‘सोनावणे’ आणि बँकेत ‘सोनवने’. सवर्ण मध्यमवर्गीयाच्या घरात तीन पिढ्यांची कागदपत्रे एका ओळीत लावलेली असतात. आपला इतिहासच विद्रोहाचा आणि स्थलांतराचा असल्याने आपले कागद एका ओळीत येत नाहीत. समितीपुढे निदान बोलता येते, आजोबांनी दीक्षा घेतली हे सांगता येते. यंत्राला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी कागदातील विसंगती म्हणजे लबाडीचा संशय.

परदेशातही हेच घडले आहे. हॉलंडमध्ये कर खात्याने मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या मदतीत फसवणूक शोधण्यासाठी धोका मोजणारी प्रणाली वापरली. माणसाचे नागरिकत्व डच आहे की नाही, हाही त्या प्रणालीत संशयाचा एक निकष होता. हजारो पालकांना लबाड ठरवून त्यांच्याकडून वर्षानुवर्षांची रक्कम वसूल करण्यात आली, संसार मोडले. अखेर १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. त्याआधी ५ फेब्रुवारी २०२० रोजी हेग येथील न्यायालयाने ‘सिरी’ नावाची दुसरी प्रणाली बंद पाडली होती. ती गरीब वस्त्यांवरच चालवली जात होती आणि तिचे काम कसे चालते, हे सरकार सांगायला तयार नव्हते. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ योजनेत वर्षाच्या कमाईची पंधरवड्यांत सारखी वाटणी करून गरिबांवर खोटी कर्जे दाखवली गेली. ज्याला काम कधी मिळते, कधी मिळत नाही, त्याची कमाई सारखी विभागता येईल काय? ऊसतोड कामगाराला किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला विचारा! ७ जुलै २०२३ रोजी तेथील शाही आयोगाचा अहवाल आला आणि त्या योजनेचे वाभाडे निघाले. त्यात तर कृत्रिम बुद्धिमत्ताही नव्हती. साधा भागाकार होता. मंत्र्यांची आणि अधिकाऱ्यांची वृत्ती गरिबाला चोर समजण्याची असेल, तर साधा भागाकारसुद्धा शस्त्र बनतो.

आता आपल्या कायद्याची स्थिती पाहू. १९७८ च्या मनेका गांधी प्रकरणापासून कायदा पक्का आहे की, माणसाच्या जगण्यावर घाला घालणारी कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी असली पाहिजे. १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल प्रकरणानुसार सरकारी आदेशाची वैधता त्या आदेशातच लिहिलेल्या कारणांवरून ठरते. नंतर शपथपत्रात नवी कारणे जोडता येत नाहीत. मग ज्या ठिकाणी आदेशच नाही, तेथे वैधता कशाची? २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरला. २०१८ च्या आधार निकालातही, केवळ ओळख पटली नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये, ही भूमिका न्यायालयाने घेतली.

निकाल चांगले आहेत; कायदे मात्र उलट्या दिशेने चालले आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने केंद्र सरकारला आपल्या मर्जीतील शासकीय यंत्रणांना सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या नावाखाली या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार दिला. यंत्राने घेतलेल्या निर्णयाचे कारण मागण्याचा स्पष्ट हक्क त्या कायद्यात नाही. उलट त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) ची धार बोथट केली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती अमलातही आली. लाभार्थ्यांच्या याद्या मागायला गेले की ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून दार बंद करणे आता सोपे झाले आहे. म्हणजे शासनाने आमचे सर्व पाहावे आणि आम्ही शासनाचे काहीच पाहू नये! त्याच महिन्यात केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारभारासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत विश्वास, न्याय्यता, उत्तरदायित्व असे शब्द आहेत, परंतु तूर्त वेगळ्या कायद्याची गरज नाही, असाच त्यांचा सूर आहे. युरोपीय संघाने मात्र कायदा केला. तो १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात येऊ लागला आणि माणसांना सामाजिक वर्तनावरून गुण देऊन त्यांचे अन्याय्य नुकसान करण्यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून तेथे बंदी आहे. मार्गदर्शक तत्त्वे मोडली तर तुरुंग नाही, दंड नाही. ज्यांना सद्‍भावनेच्या भरवशावर राहण्याचा दोन हजार वर्षांचा अनुभव आहे, त्या समाजाला कायद्याचे मोल शिकवायला नको.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. पहिली, यंत्राच्या अहवालावरून कोणाचेही रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती वा मदत परस्पर बंद करू नये. आधी मराठीत लेखी नोटीस, मग सुनावणी, आणि निर्णय होईपर्यंत लाभ चालू. दुसरी, प्रत्येक आदेशावर जिवंत अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि सही हवी. यंत्राने सल्ला द्यावा, निर्णय माणसाने घ्यावा आणि जबाबही माणसाने द्यावा. तिसरी, राज्यात कोणत्या खात्यात कोणती प्रणाली वापरली जाते, ती कोणी बनवली, तिला कोणती माहिती दिली, तिच्या किती चुका सापडल्या, याची नोंदवही जनतेसाठी खुली ठेवावी. चौथी, प्रणाली सुरू करण्यापूर्वी ती अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, मुस्लिम, स्त्रिया आणि अपंग यांच्यावर कसा परिणाम करते, याची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा. पाचवी, कंपनीचे व्यापारी गुपित हे कारण नागरिकाच्या हक्काच्या आड येऊ नये. जनतेच्या पैशाने विकत घेतलेले यंत्र जनतेपासून लपवायचे असेल, तर ते विकत घेऊच नये. सहावी, हे निर्णय घेणाऱ्या समित्यांत आपले प्रतिनिधी हवेत. आमच्या पोरांनी संगणकाचे शिक्षण घेतले आहे. त्यांना फक्त माहिती भरण्याच्या कंत्राटी कामावर बसवू नका, निर्णयाच्या खुर्चीवरही बसवा.

शासन हे उद्याच करील, या भ्रमात मी नाही. तोपर्यंत कार्यकर्त्यांनी काय करावे? मोर्चाला वेळ लागतो. अर्ज आजच करता येतो. ‘सिस्टीमने नाव काढले’ असे उत्तर मिळाले की तेथून हलू नका. “साहेब, हेच लेखी द्या,” एवढेच म्हणा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(डी) प्रमाणे प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. ते कलम अर्जात लिहा. माहिती वैयक्तिक म्हणून नाकारली, तर कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा आधार घेऊन अपील करा. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. प्रत्येक विहारात, प्रत्येक समाजमंदिरात महिन्यातून एक दिवस असे अर्ज लिहून देण्याचे काम आपले शिकलेले तरुण सहज करू शकतात. दहा वस्त्यांतून असे शंभर अर्ज एकत्र आले, तर यंत्र कोठे आणि कोणावर चुकते, याचा पुरावा आपल्या हाती येईल. न्यायालयात पुरावा चालतो, तक्रारीचा सूर नव्हे.

एके काळी आपल्याला तोंडी हुकूम मिळत असत. हुकूम देणारा पाटील समोर असे, पण कागद नसे. म्हणून दादही नसे. संविधानाने आपल्याला कागद दिला आणि कागदावर सही करणारा जबाबदार माणूस दिला. आता कागदही नाही आणि माणूसही नाही, अशी व्यवस्था आणली जात असेल, तर ती कितीही वेगवान आणि कितीही चकचकीत असली, तरी आपल्यासाठी ती मागे जाणारी वाट आहे.

त्या भगिनीचा प्रश्न अजून माझ्या टेबलावर आहे. जमीन कुठे आहे, हे मी तिला दाखवू शकलो नाही. थकबाकीचा अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे, आणि या वेळी पोच घेतली आहे. पोचेवर तारीख आहे, शिक्का आहे आणि एका माणसाची सही आहे. लढाईची सुरुवात तेथूनच होते.

जयभीम!